चष्मा उतरवण्याआधी

माझ्या भाचीचा नंबर उणे सहा. सकाळी जाग आली की पहिला हात चष्म्याकडे. "मामू, लेसरनं चष्मा जातो, पाच मिनिटांचं काम," असं म्हणत तिनं मला सोबत नेलं. लेसरचं काम खरोखरच काही मिनिटांचं. तपासणीत मात्र आमची सबंध दुपार गेली.

तीही दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा आम्ही हात हलवत परतलो, कारण आदल्या दिवसापर्यंत ती कॉन्टॅक्ट लेन्स लावत होती. लेन्समुळे पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, आकार किंचित बदलतो आणि मापं चुकतात. मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी काढून ठेवावी लागते. हे फोनवर कुणी सांगितलं असतं तर एक रजा वाचली असती!

आधी प्रश्नांची सरबत्ती झाली. वर्षभरात नंबर बदलला का? मधुमेह, संधिवात? मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत? विवाहितांना गरोदरपणाचंही विचारतात. यातलं काही संकोचानं लपवू नये. जुन्या चष्म्याचे कागद सोबत असले तर उत्तम. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून अश्रू पुरेसे आहेत का ते पाहिलं, कारण लेसरनंतर डोळे बरेचदा काही महिने कोरडे राहतात.

खरी परीक्षा पारपटलाची. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. भाचीची भरली ४९० मायक्रॉन. डॉक्टरांनी कागदावर वजाबाकी मांडली. वरचा पापुद्रा ११० मायक्रॉनचा, दर नंबरामागे लेसर सुमारे १५ मायक्रॉन झिजवणार, म्हणजे ९०. उरले २९०. निदान २५० तरी उरायला हवेत. भाचीचा चेहरा खुलला.

पण यंत्रानं काढलेल्या रंगीत नकाशात उजव्या डोळ्याचा खालचा भाग प्रमाणाबाहेर उंच दिसत होता. अशा पारपटलाला पुढे शंकूसारखा फुगवटा येण्याचा धोका असतो. त्यावर लेसर चालवला तर ते आणखी दुबळं होतं, आणि मग चष्मा लावूनही नीट दिसेनासं होऊ शकतं. डॉक्टर सरळ "नाही" म्हणाले. ऑपरेशनवरच ज्यांचं उत्पन्न, त्यांनी नाही म्हणावं, याचं मला मोठं अप्रूप वाटलं.

जाता जाता मी माझ्या चाळिशीचं विचारून घेतलं. ते हसले. चाळिशी डोळ्याच्या आतलं भिंग ताठर झाल्यामुळे लागते; तरुणपणी लेसर केलेल्यांनाही ती चुकत नाही.

बाहुल्या मोठ्या करायला घातलेल्या थेंबांमुळे भाचीला उजेड सोसवेना. रिक्षात ती डोळे मिटून गप्प बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "काय लिहिलंय, वाचा ना." मी चाळिशी लावली आणि वाचलं : डोळे चोळू नयेत, सहा महिन्यांनी नकाशा पुन्हा काढणे.