बदल तेवढाच जपा

शाळेतील मुलांची नावे, गुण आणि दाखल्यांच्या नोंदी एका सर्व्हरवर आहेत असे समजा. त्याची डिस्क बिघडली तर? म्हणून दुसऱ्या यंत्रावर राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवावा लागतो. माहिती १०० गिगाबाइट असेल आणि रोज पूर्ण प्रत घेतली, तर आठवड्याला ७०० गिगाबाइट जागा लागेल. पण रोज बदलणारी माहिती समजा १ टक्काच आहे. मग रविवारी पूर्ण प्रत घेऊन उरलेले सहा दिवस केवळ बदल साठवले, तर १०० + ६ = १०६ गिगाबाइटमध्ये काम भागते. याला इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणतात.

पण काय बदलले हे संगणकाला कसे कळते? फाइलचे समान लांबीचे तुकडे पाडून जुने व नवे तुकडे क्रमाने ताडून पाहणे, हा सोपा मार्ग. मात्र त्यात एक मेख आहे. फाइलच्या आरंभी एकच अक्षर वाढवले, की पुढची सारी अक्षरे एकेक घर सरकतात आणि बहुधा एकही तुकडा जुळत नाही!

१९९६ साली कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी यावर तोड काढली. त्यांच्या प्रोग्रामचे नाव आरसिंक. जुनी प्रत असलेला संगणक प्रत्येक तुकड्याची बेरीज कळवतो. दुसरा संगणक नव्या फाइलवर तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक घर सरकवत ती बेरीज शोधतो. खिडकीत ३, ५, २, ७ असतील तर बेरीज १७. खिडकी एक घर सरकली. ३ बाहेर गेला, ४ आत आला. नवी बेरीज १७ − ३ + ४ = १८. तुकडा हजार घरांचा असला तरी काम एवढेच. अर्थात ५, ३, २, ७ यांचीही बेरीज १७च येते. म्हणून प्रत्यक्षात अंकांच्या स्थानालाही वजन देतात, आणि बेरीज जुळल्यावर आणखी काटेकोर पडताळणी करतात. न जुळणारा भाग तेवढाच पाठवला जातो.

लायनस टोर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेला गिट हा प्रोग्राम फाइलच्या आशयावरून तिचा ‘ठसा’ काढतो. ठसा तोच असेल तर फाइल पुन्हा साठवत नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याचीही नोंद राहते. सर्व्हरच्या मांडणीच्या मजकुरी फाइलींसाठी तो उत्तम. पण सतत बदलणाऱ्या मोठ्या डेटाबेससाठी नव्हे, कारण जुन्या आवृत्त्या साठत जाऊन भांडार फुगते.

या काटकसरीची किंमतही आहे. बुधवारचा दुवा खराब झाला, तर गुरुवार-शुक्रवारच्या प्रती असूनही त्या दिवसांची पूर्ण माहिती परत उभी करता येत नाही. म्हणून अधूनमधून पूर्ण प्रत हवीच.

आणि ती चालते का, हेही पाहायला हवे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचा प्रोग्राम आवृत्ती न जुळल्याने अपयशी ठरत होता आणि तसे कळवणारे ई-मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून उघडून पाहावी. परत मिळत नाही, तो बॅकअपच नव्हे.