गॉडझिलाचा पंचनामा

गॉडझिलाची उंची ५० मीटर. पैठणच्या जायकवाडी धरणाची भिंत साधारण ४१ मीटर. म्हणजे हे जनावर भिंतीच्या पायथ्याशी उभं राहिलं तरी मुंडकं वरून डोकावणारच. मग धरणामागच्या नाथसागरातून पोहत प्रवरासंगमला वर यायचं, नेवासा फाट्याला महामार्ग धरायचा, वडाळा बहिरोबा मागे टाकलं की आलंच बाजाराचं घोडेगाव. मध्येच शनिशिंगणापूरकडे वळला, तरी तिथल्या घरांना दारंच नाहीत. तोडायची तसदी वाचली.

हा हिशेब सुचला तो १९५४ सालचा मूळ जपानी 'गोजिरा' पुन्हा बघताना. लहानपणी या सिनेमात शेपूट आणि तोंडातून येणारा फवारा एवढंच दिसायचं. या खेपेला शेजारी मामा होते. त्यांचं निम्मं आयुष्य घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलंय. चालीवरून बैलाचं वय सांगणारा माणूस. त्यांनी पहिल्याच फेरीत निकाल दिला, "आत माणूस हाय. पण चाल शिकून आलाय गडी."

निकाल बरोबर निघाला! आतल्या माणसाचं नाव हारुओ नाकाजिमा. ही चाल बसवायला तो टोकियोतल्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. अंगावरचा पहिला पोशाख जवळपास १०० किलोचा होता आणि इतका ताठ, की त्यात धड चालता येईना. शेवटी तो कमरेतून कापला आणि खालचा भाग नुसते पाय दाखवायला वापरला. दुसरा पोशाख जरा हलका. तरी वरून दिव्यांची धग, आत घामाच्या धारा. नाकाजिमा १९७२ पर्यंत हा पोशाख चढवत राहिला. त्याच १९५४ साली कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराई'मध्ये तो एका किरकोळ लुटारूच्या भूमिकेत होता. आणि लुटारूंपासून गाव वाचवणाऱ्या सामुराईंचा म्होरक्या झालेले ताकाशी शिमुरा इथे शास्त्रज्ञ प्रोफेसर यामाने झालेत.

मुळात माणूस आत घालायचा बेतच नव्हता. ट्रिक सीनचे उस्ताद एइजी त्सुबुराया १९३३ च्या 'किंग काँग'वर फिदा होते. तशी बाहुली एकेक फ्रेम हलवून चित्रण करायची त्यांची इच्छा. पण त्याला किती वर्षं लागतील याचा अंदाज सात निघाला. मग २५ पट लहान टोकियो बांधलं आणि त्यात माणूस सोडला. कॅमेरा जास्त वेगाने फिरवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि अंगाला वजन येतं. विजेचे मनोरे वितळतात ते मेणाचे होते.

विजेवरून आठवलं. टोकियोच्या किनाऱ्यालगत ५० हजार व्होल्टचं कुंपण घालतात तो प्रसंग बघून मामा म्हणाले, "रात्रीच आलाय ना? मग जमंल. थ्री फेज रात्रीच असती."

डरकाळीची कथा मला सगळ्यात आवडते. आधी खऱ्या प्राण्यांचे आवाज घेऊन बघितले, एकही जमेना. मग संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी डबल बास या थोराड तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या, राळ लावलेला चामडी हातमोजा त्यांवरून ओढला आणि ध्वनिमुद्रण संथ करून वाजवलं. सत्तर वर्षांनंतरही ती डरकाळी ऐकून मांजर पलंगाखाली जातं, आमचं तरी गेलं. हे इफुकुबे पदवीने वनशास्त्रातले, बरं का.

शास्त्रज्ञांची मात्र एक गंमत आहे. प्रोफेसर यामाने भर सभेत ज्युरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. खरं तर तो संपूनच साडेचौदा कोटी वर्षं झाली. सभेत कुणी हरकत घेत नाही.

सिनेमातल्या अशा सभांत आणखी बरंच काही चालतं. आधीच्या एका सभेत गॉडझिलाने झोडपलेल्या ओदो बेटावरचे गावकरी नुकसानीचा पाढा वाचायला टोकियोला येतात. घरं किती पडली, माणसं किती गेली, आणि पाठोपाठ गाई किती, डुकरं किती! राक्षसपटात गुराढोरांचा पंचनामा लहानपणी कुणाच्या लक्षात येणार? मामा मात्र सावरून बसले. पुढे यामानेंच्या सभेत एक पुढारी म्हणतो, ही माहिती बाहेर फुटू देऊ नका, लोक घाबरतील, परराष्ट्र संबंध बिघडतील. तेव्हा सभागृहातल्या बायका उभ्या राहून त्याला असं काही झापतात, की ग्रामसभाच आठवावी.

पण बाजारपेठेच्या गावात बसून बघताना थबकायला होतं ते लोकलगाडीतल्या एका वाक्याला. एक बाई सहज बोलून जाते, आधी अणुबाधित ट्यूना, आता गॉडझिला. हे काल्पनिक नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख २३ खलाशांच्या 'लकी ड्रॅगन' या जपानी मच्छीमार बोटीवर पडली. बोट याइझू बंदराला लागली, मासळी बाजारात गेली, आणि मग बोभाटा झाला. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूना पुरावा लागला. चांगल्या मासळीलाही गिऱ्हाईक उरलं नाही. निर्यातबंदीच्या नुसत्या कुजबुजीवर कांद्याचे भाव कसे बसतात हे घोडेगावच्या मार्केटमध्ये ज्याने बघितलंय, त्याला हे उलगडून सांगावं लागत नाही. बोटीवरचे रेडिओचालक कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. सिनेमा लागला ३ नोव्हेंबरला. पहिल्याच प्रसंगात एक बोट अचानक पेट घेते, तेव्हा थिएटरातल्या माणसांना काय आठवलं असेल ते उघड आहे. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमाचे अवशेष बघून आले होते. इस्पितळातल्या लेकरासमोर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात, त्या दृश्यात मामा काही बोलले नाहीत.

आता पटापट. गॉडझिलाची शेपटी ज्या निचिगेकी थिएटरला लागते, ते सिनेमा काढणाऱ्या तोहो कंपनीचंच. मनोऱ्यावरून मरेपर्यंत थेट वर्णन करणारा वार्ताहर हा काळाच्या पुढचा विनोद वाटतो, कारण जपानात टीव्ही सुरू होऊन तेव्हा पावणेदोन वर्षंच झाली होती. अमेरिकेने १९५६ मध्ये सिनेमात रेमंड बर नावाचा आपला नट घुसवला आणि बॉम्बचं बोलणं बरंचसं कापलं. गॉडझिलाच्या नावावर पहिलं ऑस्कर लागायला २०२४ उजाडलं. 'गॉडझिला मायनस वन'ची ६१० ट्रिक दृश्यं ३५ जणांनी केली.

आणि आपला गॉडझिला? होता की! १९६६ साली बळवंत दवे यांचा 'गोगोला' आला. समुद्रातून राक्षस निघतो तो थेट मुंबईवर. नायक आझाद आणि नायिका तबस्सुम. हो, पुढे दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मधून हसत गप्पा मारणाऱ्या त्याच. संगीत रॉय आणि फ्रँक यांचं. तलत महमूद आणि मुबारक बेगम यांचं त्यातलं द्वंद्वगीत जुन्या गाण्यांचे शौकीन अजून ऐकतात. राक्षसाच्या सिनेमात तलतचा मखमली आवाज, हे फक्त आपल्याकडेच जमतं. चित्रपटाची प्रत मात्र हरवलेली. असे सिनेमे गावोगावच्या जत्रांत तंबूत लागायचे. तेव्हा कुणा टुरिंग टॉकीजवाल्याच्या माळ्यावर गंजके डबे पडले असतील, तर भंगारात घालण्याआधी एकदा लेबल वाचा. मामांना त्याची चाल बघायचीय.