संशोधनातील सचोटी आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यातील ज्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण आहे, त्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. कृष्णविवरांसारख्या प्रचंड वस्तुमानाच्या वस्तू एकमेकींत विलीन होताना अवकाश-काळात जे तरंग उठतात, त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या टिपणाऱ्या या प्रकल्पासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली असून पुण्याच्या ‘आयुका’चा त्यात प्रमुख सहभाग आहे. या वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांची चर्चा पुष्कळ होते; परंतु हे शास्त्र ज्या सचोटीच्या शिस्तीवर उभे आहे, तिची ओळख विद्यापीठांत संशोधन करणाऱ्यांना व्हायला हवी.

संशोधनातील गैरवर्तनाचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. सिद्धेश्वर जलाशयाच्या पाण्यावर पीएच.डी. करणारा एखादा विद्यार्थी एका महिन्यात नमुने घ्यायला गेलाच नाही आणि त्याने विरघळलेल्या प्राणवायूचे आकडे अंदाजाने लिहिले, तर ती बनावट नोंद होय. प्रत्यक्ष घेतलेल्या नोंदींपैकी गैरसोयीच्या तेवढ्या त्याने बदलल्या किंवा वगळल्या, तर तो फेरफार ठरतो. आणि दुसऱ्याचे लेखन अथवा कल्पना श्रेय न देता स्वतःच्या नावावर मांडली, तर ते वाङ्मयचौर्य. यांपैकी कोणताही प्रकार केवळ परीक्षकांची फसवणूक नसतो, कारण अशा आकड्यांच्या आधारे उद्या मत्स्यपालनाचे किंवा पिण्याच्या पाण्याचे निर्णय घेतले जाऊ शकतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा होत नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. हे नियम आवश्यक होते; मात्र त्यांच्यामुळे साम्याची टक्केवारी म्हणजेच सचोटी, असा समज अनेक विभागांत रुजला. सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी तपासते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मराठीत उतरवून काढले तर ते सहज निसटते, आणि घरी बसून रचलेले आकडे तर कोणाशीच जुळत नसल्याने संपूर्णपणे ‘मौलिक’ ठरतात.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांनी हा प्रश्न अधिक खोलात जाऊन हाताळला, कारण त्यांच्या क्षेत्राने एक मोठा धडा घेतलेला होता. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये या लहरी सापडल्याचे जाहीर केले, पण इतरांना त्या आढळल्या नाहीत. पुढे दोन दूरच्या यंत्रांवर एकाच क्षणी नोंदी झाल्याचा त्यांचा एक दावा तर घड्याळांमधील चार तासांचा फरक लक्षात न घेतल्यामुळे उभा राहिल्याचे दिसून आले. वेबर लबाड नव्हते. मनासारखे उत्तर शोधणारा प्रामाणिक संशोधकही स्वतःला फसवू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

म्हणूनच अमेरिकेतील मूळ ‘लायगो’ वेधशाळेच्या चमूने स्वतःचीच परीक्षा घेणारी व्यवस्था उभी केली. मोजक्या व्यक्तींनी यंत्रात गुपचूप खोटा संकेत पेरायचा आणि उरलेल्यांना त्याची कल्पना न देता त्यांचे विश्लेषण पारखायचे, अशी ती पद्धत होती. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक संकेत नोंदला गेला. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याची छाननी करून शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला, आणि मार्च २०११ मधील बैठकीत तो संकेत पेरलेला असल्याचे सर्वांसमोर उघड करण्यात आले. श्रम वाया गेले असे कोणी मानले नाही, कारण विश्लेषणाची पद्धत खरी उतरली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर नोंदली गेली, तेव्हाही तो संकेत पेरलेला नाही ना, याची खात्री आधी करून घेण्यात आली आणि सर्व तपासण्यांनंतर, फेब्रुवारी २०१६ मध्ये, शोध जाहीर झाला.

या शिस्तीचे मर्म विद्यापीठांना स्वीकारता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. नोंदवहीत त्याच दिवशी तारखेसह नोंद करणे, मूळ नोंदी विभागाकडे जमा ठेवणे, काही नमुन्यांची तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत आणि नमुना कोठला हे न सांगता करून घेणे, आणि अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला तरी प्रबंध तितक्याच आदराने स्वीकारणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला करता येते. त्याचबरोबर संख्येचा हव्यासही सोडावा लागेल. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार सक्तीच्या प्रकाशनांवर पोसला गेला, आणि २०२२ च्या नियमांत आयोगाने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची अट काढून टाकली, हे योग्यच झाले. विद्यार्थ्याला ‘किती छापले?’ याऐवजी ‘हे तपासले कसे?’ असे मार्गदर्शकाने नेमाने विचारले, तर सचोटी शपथपत्रापुरती न राहता रोजच्या कामाची सवय होईल, आणि मराठवाड्यातील एखाद्या विभागातून निघालेल्या आकड्यावर जगात कोणालाही निःशंकपणे विसंबता येईल.