न दुखणाऱ्या पायाचा जोडा

नवी चप्पल चावली की माणूस दोन दिवस लंगडतो. दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतो, जुनी चप्पल पुन्हा काढतो आणि फोड बसतो. हे लंगडणं आपोआप होतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही. ज्यांच्या तळव्यांना संवेदनाच उरलेली नसते ते लंगडत नाहीत. चप्पल चावते, फोड येतो, फुटतो, त्याच पायाने माणूस बाजार करून येतो आणि रात्री मोजा काढताना डाग दिसतो तेव्हा त्याला कळतं. कुष्ठरोगात असं होतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांतही होतं. अशा पायांसाठी जोडा बनवणं ही वेगळी विद्या आहे, तिचं रीतसर शिक्षण आहे, आणि बारावीच्या मुलांना करिअरच्या मेळाव्यात तिचं नावही सहसा कोणी सांगत नाही.

आपल्याकडे या विद्येची पाळंमुळं वेल्लोरला सापडतात. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. जन्म तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं झडतात, अशी तेव्हाची समजूत. पण ब्रँड शस्त्रक्रिया करत ते हातपाय चारचौघांच्या हातापायांसारखेच भरून येत होते. मग जखमा येत कुठून? चुलीवरचं भांडं धरण्यातून, चपलेतून वर आलेल्या चुकेतून, एकाच जागी रोज पडणाऱ्या दाबातून. काहींचा बोटाचा तुकडा रात्रीतून नाहीसा व्हायचा. पहारा ठेवला तेव्हा दिसलं की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ता नव्हता. पुढे घरी परतणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायचा रिवाज पडला. इतका स्वस्त आणि इतका नेमका उपचार वैद्यकाच्या इतिहासात मला दुसरा आठवत नाही.

हाताला मांजर पुरलं, पायाला पुरेना. बधिर पायाला एकदाच झालेल्या मोठ्या इजेपेक्षा रोजची बारीकसारीक इजा जास्त नडते. आपण चार मैल चाललो की नकळत चाल बदलतो, भार टाचेवरून कडेवर नेतो, थोडं थांबतो. बधिर पाय पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच हाडावर भार टाकतो, बहुतेकदा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांवर. तिथे आधी घट्टा येतो, मग घट्ट्याखाली रक्त साकळतं, मग व्रण. वेल्लोर आणि शेजारच्या करिगिरीच्या मंडळींनी यावर मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल रूढ केली. बोलताना सगळे तिला एमसीआर म्हणतात. या रबरात हवेची असंख्य बंद छिद्रं असतात. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं तर दबतं, सोडलं की फुगतं. वरचा थर असा मऊ, खाली टणक रबराचा तळ म्हणजे काटा-काच आरपार येत नाही. चूक किंवा खिळा कुठेही मारायचा नाही, शिवण नाहीतर सोल्युशन. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण आपली साधी चप्पल पायात राहते ती बोटांनी धरून ठेवल्यामुळे, आणि बधिर पायातून ती निसटली तरी कळत नाही.

ही चप्पल राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून बधिर पायांच्या रुग्णांना मोफत मिळते. तरी अनेकांनी ती घालायचं टाळलं. तिचा ठराविक रंग आणि घाट लांबून ओळखू यायचा. चप्पल पाहिली की गाव रोग ओळखायचं. रबर चांगलं, रचना चांगली, पण घालणाऱ्याला गावातून चालत जायचं आहे याचा विचार मागे पडलेला. नंतर चारचौघांच्या जोड्यासारखे दिसणारे नमुने करायचे प्रयत्न झाले. या अभ्यासक्रमात हा धडा पहिल्या वर्षी शिकवायला हवा, असं मला वाटतं. पायात न घातलेला जोडा उपचार ठरत नाही.

ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे आणि पुढे इतरत्र हे ज्ञान मधुमेहाच्या पायाला लागू पडलं, कारण मज्जातंतू कशाने मेले याच्याशी तळव्याला देणंघेणं नसतं. आज आपल्याकडचं गिऱ्हाईक मुख्यतः मधुमेहाचं. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटी १० लाखांचा आहे. त्यातल्या सगळ्यांचे पाय बधिर नाहीत, पण ज्यांचे आहेत त्यांना शोधायचं कसं, तर एका नायलॉनच्या तंतूने. हा तंतू तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅमच्या जोराला वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श झाला की सांगायचं. वाकेपर्यंत दाबूनही तो गप्प राहिला, तर संरक्षक संवेदना गेली. हे करताना नवशिक्याची एक खोड मोडावी लागते. ‘आता कळतंय का?’ असं विचारलं की भिडस्त माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून मध्येमध्ये तंतू न टेकवताच विचारायचं.

मग माप. आपण दुकानात बसून, सकाळच्या ताज्या पायावर माप देतो. इथे उभं करून आणि शक्यतो संध्याकाळी घेतात, कारण तोवर पाय सुजलेला असतो. जोड्याची आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी. पायाचा आकार बिघडला असेल तर बाजारातला कुठलाच फर्मा चालत नाही, साचा घ्यावा लागतो. पायावर पातळ मोजा चढवून जिथे हाड वर आलंय, जिथे व्रण होऊन गेलाय, तिथे ओल्याने उमटणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतात. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. त्या सुकल्या की कापून काढतात आणि आत प्लास्टर ओततात. पेन्सिलीच्या खुणा आतल्या पायावर उमटून येतात. पुढचं काम कानशीचं आहे आणि ते उलट्या अकलेनं करावं लागतं. जिथे दाब नको तिथे प्लास्टरच्या पायावर भर घालायची, म्हणजे त्यावर तापवून बसवलेल्या फोमच्या तळात तिथे खळगा पडतो. जिथे भार घ्यायचा, उदाहरणार्थ कमानीखाली, तिथलं प्लास्टर खरवडायचं, म्हणजे तळ वर येऊन कमानीला टेकतो. किती भर आणि किती खरवड हे पुस्तकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, पण ते बोटांत उतरायला वेळ लागतो. कधी बाहेरच्या तळाला नावेसारखा बाक देतात, तोही बोटांच्या हाडांच्या मागे, म्हणजे पाऊल पुढे लोटताना त्या हाडांवर भार येत नाही. बाक जरा पुढे सरकला की सगळी मेहनत फुकट.

महाराष्ट्रातल्या मुलाला हे शिकायचं तर मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या पदवीचं नाव बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार-साधनं. बारावी विज्ञान, राज्यात प्रवेश नीटच्या गुणांवर, चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप. पदवीनंतर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी. ओडिशात कटकजवळ ओलटपूरला, कोलकात्याला आणि दिल्लीलाही केंद्राच्या अशा संस्था आहेत. पण या पदवीत जोडा हा अनेक विषयांपैकी एक. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय, मणक्याचा पट्टा, हाताची खपची असं सगळं शिकायचं असतं, आणि कृत्रिम पायाचं वजन इतकं की पायातल्या जोड्याकडे लक्ष कमी जातं. वास्तविक जोडा वेळेवर मिळाला तर अनेकांवर कृत्रिम पायाची वेळच येत नाही.

जर्मनीत हे वेगळ्या वाटेने होतं. तिथे वैद्यकीय जोडे करणारा चर्मकार हा स्वतंत्र मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. साडेतीन वर्षं उमेदवारी, बहुतेक वेळ कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली आणि उरलेला व्यवसाय शाळेत, त्यानंतर ज्याला स्वतःचं दुकान काढायचं तो मास्टरची परीक्षा देतो. शरीररचना शिकलेला, पण रापी हातात घेतलेला माणूस तयार होतो.

आपल्याकडे रापी एकीकडे आणि पदवी दुसरीकडे. याचं कारण शिक्षणखात्यात शोधत बसण्यात अर्थ नाही, ते जातीत आहे. चामड्याचं काम ज्यांच्या हातात होतं त्यांना शाळेपासून दूर ठेवलं, आणि शाळा शिकलेल्यांना दुसऱ्याच्या पायाला हात लावणं कमीपणाचं वाटत आलं. म्हणून आजही डॉक्टर चिठ्ठीवर ‘एमसीआर चप्पल’ लिहून मोकळे होतात आणि रुग्ण ती चिठ्ठी घेऊन जोड्यांच्या दुकानात जातो, जिथला माणूस मऊ दिसेल ते रबर काढून देतो. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही आनंद आहे, माझ्या पायात तीच असते. पण तिचा कडक तळ आणि अंगठ्याची कडी बधिर पायाचा घात करतात, हे ती विकणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं.

शिवाय आपली घरं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की अशा माणसाने घरातही अनवाणी चालू नये. पण आपण उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो, आणि दिवसातली बरीच पावलं उंबऱ्याच्या आतच पडतात. हजारो रुपयांचा जोडा दारात पडून राहतो. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेली माणसं दवाखान्यात येतात. शिकणाऱ्याला घरासाठी वेगळी, धुऊन स्वयंपाकघरात वापरता येईल अशी चप्पल सुचवता आली पाहिजे, आणि आजीबाईंना ती पटवताही आली पाहिजे.

२०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातल्या यादीत पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांची निगा राखणारा, हे नाव आलं आहे. नाव आलं म्हणून माणसं तयार होत नाहीत. पदव्या निघतील तेव्हा निघोत, त्याआधी कुष्ठधामांच्या आणि रुग्णालयांच्या जोडे विभागात वर्षानुवर्षं काम केलेल्या कारागिरांना शिक्षक म्हणून बोलवावं आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या चर्मकारांसाठी सहा महिन्यांचा पगारी अभ्यासक्रम सुरू करावा. दहाग्रॅमी तंतू वापरायला शिकायला एक दुपार पुरते. फर्मा आणि आरी त्यांच्याकडे आधीच आहे.