लीनता आणि दीनता : मराठी ख्रिस्ती जीवनातील देण्याघेण्याची परिभाषा

साहाय्य करणाऱ्याने नम्र असावे, हा उपदेश सर्व धर्मांत आढळतो. साहाय्य स्वीकारणाऱ्यानेही नम्र असावे, हे विधान मात्र ऐकताक्षणी अनावश्यक वाटते; कारण घेणारा मुळातच खाली असतो, त्याला आणखी नमावयास कशाला सांगावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत केवळ मनाची नाही, ती भाषेतही रुजलेली आहे. ख्रिस्ती धर्मविचाराने तिला छेद दिला. तो विचार मराठीत उतरताना मराठी शब्दांवर आणि मराठी ख्रिस्ती माणसांच्या जीवनावर कोणता ताण पडला, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. मराठीतील शब्दसंपत्ती

देणाऱ्यासाठी मराठीत गौरवाचे शब्द विपुल आहेत : दाता, दानशूर, उदार, परोपकारी, आश्रयदाता. घेणाऱ्यासाठी जे शब्द आहेत त्यांतील बहुतेक मान खाली घालावयास लावणारे आहेत : मिंधा, ओशाळा, लाचार, आश्रित. मध्यम प्रतीचे म्हणावेत असे ‘ऋणी’ आणि ‘उपकृत’ हे शब्दही अखेरीस कर्जाची आठवण देतात. ‘उपकार’ या शब्दाची व्युत्पत्ती वस्तुतः निरुपद्रवी आहे. ‘उप’ म्हणजे जवळ व ‘कृ’ म्हणजे करणे. जवळ जाऊन काही करणे, एवढाच तिचा बोध. परंतु व्यवहारात उपकाराचे ओझे होते, माणूस उपकाराखाली दबतो, आणि पुढे ते उपकार त्याला फेडावे लागतात. ‘आभार’ या शब्दात तर ‘भार’ उघडच बसलेला आहे.

याला दोन महत्त्वाचे अपवाद दिसतात. पहिला माधुकरीचा. विद्यार्थी दारोदार जाऊन अन्न घेई, परंतु ती त्याच्या अवस्थेला विहित असलेली वृत्ती होती. त्यामुळे घेणारा हीन ठरत नसे, उलट देणाऱ्यालाच पुण्य लाभे. दुसरा अपवाद सावडीचा. नामपूरसारख्या मोसमकाठच्या गावी शेतीच्या कामाची घाई एकाच वेळी सर्वांवर येते. अशा शेतकरी समाजात दोन कुटुंबांनी आपापले बैल व मनुष्यबळ आळीपाळीने एकमेकांच्या शेतात लावावयाचे, यास सावड म्हणतात. सावडीत दाता कोण व याचक कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. आज देणारा उद्या घेणारा असतो. मात्र सावड ही तुल्यबळांची व्यवस्था आहे. ज्याच्यापाशी बैलही नाही आणि जमीनही नाही, तो सावडीबाहेरच राहतो. माधुकरीचे दारही सर्व जातींना उघडे नव्हते.

२. नव्या करारातील परिभाषा

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत ‘तापेइनोस’ हे विशेषण पूर्वकाळी बहुधा नीच, हलका, गुलामी वृत्तीचा अशा अर्थाने येई. ख्रिस्ती लेखकांनी त्यापासून सिद्ध झालेला शब्द सद्गुणाच्या पदवीला नेला. शब्दार्थातील या पालटामागे एक प्रसंग उभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. गुरूने दासाचे काम करावे, ही देणाऱ्याची नम्रता होय व तिच्यावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. परंतु त्याच प्रसंगात पेत्र पाय धुवून घेण्यास नकार देतो. हा नकार वरकरणी विनयाचा दिसतो. वस्तुतः, आपल्याला कोणाकडून काही घ्यावे लागू नये, हा अहंकार त्यात दडलेला आहे. त्याला मिळालेले उत्तर स्पष्ट आहे : धुवून घेतल्याशिवाय त्याला वाटा नाही. घेणे हीही साधना आहे, असा याचा अर्थ होतो.

पौलाच्या पत्रांत हा विचार व्यवहारात उतरतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत, यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा करण्याच्या संदर्भात, ‘खारिस’ हा एकच शब्द देवाची कृपा, माणसांनी दिलेली देणगी आणि देवाला दिलेले धन्यवाद या तिन्ही अर्थांनी येतो. देणगी माणसापासून सुरू होत नाही व माणसापाशी संपत नाही, हे या शब्दयोजनेतून सूचित होते. फिलिप्पैकरांनी पाठविलेल्या साहाय्याची पोच देताना पौल आनंद व्यक्त करतो, परंतु आभार मानण्याचे नेहमीचे क्रियापद तेथे वापरत नाही. उलट ‘देणे आणि घेणे’ असा व्यापारी जमाखर्चातील शब्दप्रयोग करतो. मराठीतील ‘देवघेव’ किंवा ‘देणेघेणे’ या सामासिक शब्दांशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. दोन्ही क्रिया एका समासात आल्या की त्यांतील उच्चनीचता मावळते.

मराठी भाषांतरकारांसमोर ‘नम्र’, ‘लीन’ व ‘दीन’ हे तीन शब्द होते. ‘नम्र’ म्हणजे वाकलेला, ‘लीन’ म्हणजे चिकटलेला, विरघळलेला, आणि ‘दीन’ म्हणजे दुबळा, केविलवाणा. पर्वतावरील प्रवचनात ज्यांना धन्य म्हटले आहे ते मराठीत ‘दीन’ झाले. परंतु देवासमोर दीन असणे आणि माणसासमोर दीन होणे, या दोहोंतील अंतर शब्द सांगत नाही; ते जगून दाखवावे लागते. माणसामाणसांतील देवघेवीस लागते ती लीनता, दीनता नव्हे.

३. आश्रय आणि आश्रित

महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या माणसाचा संबंध पुष्कळदा घर, जात व गाव यांच्याशी तुटे, आणि त्याबरोबर घेण्याच्या ज्या प्रतिष्ठित रीती होत्या त्यांनाही तो मुके. उरे ते मिशनचे साहाय्य. ते घेणाऱ्यावर ‘पोटासाठी बाटला’ असा शिक्का बसे आणि १८७६–७८ च्या दुष्काळासारख्या काळात तो अधिकच घट्ट झाला. ही टीका सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु भुकेल्या माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा ती फार सहजपणे करून टाकी.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेल्या वस्तीचे ‘शरणपूर’ हे नावच पाहावे. नावात शरण येणारा आहे आणि शरण देणाराही आहे. गुलामांच्या व्यापारातून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे ठेवून शिक्षण दिले जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनविधीलाही तो उपस्थित होता. एके काळच्या आश्रितावर आश्रयदात्यांच्या समाजातील थोर पुरुषाला खांदा देण्याची वेळ आली. देण्याघेण्याची दिशा कायम एकच असते, हा समज असा खोटा ठरतो.

४. तीन जीवने

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) तारुण्यात दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व बहीण गमावली होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे आश्रय घेत असतानाही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि धर्ममतांच्या बाबतीत आपल्या हितकर्त्यांशी मतभेद स्पष्टपणे मांडले. अन्न व शिक्षण घेतले म्हणून सदसद्विवेक गहाण पडत नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे अमेरिकेतील सहानुभूतिदारांच्या साहाय्याने १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, आणि १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना केडगावी आसरा मिळाला. जिला उपाशी फिरावे लागले, तिने उपाशी मुलींना जवळ केले. ‘उपकार’ शब्दाचा मूळ अर्थ येथे पुन्हा जिवंत झाला.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परदेशी पैशावर उभा असलेला धर्म मराठी माणसाला परका वाटतो, ही त्यांची खंत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनपासून अलग होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या कृतीत कृतघ्नता पाहणे चुकीचे होईल. सतत घेत राहण्याने घेणाऱ्याची देण्याची शक्ती खुंटते, हे त्यांनी ओळखले होते.

परंतु घेण्याची खरी परीक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) जीवनात दिसते. नाशिकजवळच्या जलालपूर गावी जन्मलेल्या लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी आपले सोवळे सांभाळले. इतरांना वाढण्यास त्यांची हरकत नव्हती. अडचण होती ती दुसऱ्याच्या हातचे पाणी घेण्याची. जातिव्यवस्थेत देणे सोपे आणि घेणे कठीण असते, हे यातून दिसते. वरच्या मानलेल्या हाताने खालच्या मानलेल्या हाताला दिले, तर श्रेणी अबाधित राहते. त्याच हाताने पाणी घेतले की ती मोडते. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने हा भेद टाकला व नंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी पाणी, मग बाप्तिस्मा. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात दारिद्र्य, परावलंबन व टिळकांचे घर रिकामे करणारे औदार्य यांचे वर्णन आहे. त्यात दीनवाणा सूर मात्र कोठेही नाही. स्वतःवर हसता येणे हे लीनतेचे एक लक्षण मानावयास हरकत नाही.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठी ख्रिस्ती जीवनात नम्रतेचा प्रश्न प्रामुख्याने घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. देणाऱ्याने डाव्या हाताला कळू न देता द्यावे, हा शुभवर्तमानातील उपदेश घेणाऱ्याची लाज राखण्यासाठीही आहे. घेणाऱ्याने मोकळ्या मनाने घ्यावे. परंतु आपले मत, आपली जीभ व उद्या देण्याचा आपला हक्क गमावू नये. यासाठी नवा शब्द शोधण्याची गरज नाही. ‘सहाय’ म्हणजे सह जाणारा, सोबती, त्यावरून ‘साहाय्य’. या शब्दात वर कोणी नाही व खाली कोणी नाही, दोघेही एकाच वाटेवर आहेत. उपकाराच्या ओझ्याखाली दबलेला हा अर्थ मोकळा करणे, हेच या देवघेवीतील नम्रतेचे कार्य होय.