डोळ्यांत खुपणारी वाळू



डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आग होते, संध्याकाळी पापण्या जड होतात, सकाळी त्या चिकटलेल्या असतात. आणि वाऱ्यावर गेलं की घळाघळा पाणी येतं. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणींची ही तक्रार असते. ‘वय झालं’ म्हणत आपण पदरानं डोळे पुसतो आणि कामाला लागतो. आज याच दुखण्याबद्दल बोलू या. याला ‘कोरडे डोळे’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, पाणी येतंय तर डोळे कोरडे कसे? तेच समजून घेऊ. डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याच्यावर तेलाचा त्याहून पातळ थर. रश्श्यावर तर्री असते ना, तसा. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. ते कमी पडलं की पाणी भराभर सुकतं, डोळा चुरचुरतो, आणि त्या त्रासापायी डोळा एकदम पाणी सोडतो. पण ते पाणी टिकत नाही, वाहून जातं.

हे तेल येतं कुठून? पापण्यांच्या आत, केसांच्या ओळीमागे, बारीक तेलग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. १६६६ साली मायबोम या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा त्यातून थोडं तेल डोळ्यावर पसरतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं हे तेल घट्ट झालं की ग्रंथींची तोंडं बुजतात. कधी एखादी ग्रंथी तुंबून पापणीत गाठही येते.

वय वाढणं, पाळी जाणं, मधुमेह, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनी कोरडेपणा वाढतो. चुलीचा धूर, मळणीची धूळ, मोटारसायकलवरचा वारा यांनीही वाढतो. शिवणकाम करताना किंवा मोबाईल बघताना आपण पापण्या कमी मिटतो, तेही एक कारण. पापणीच्या आतल्या कडेला भरलेलं काजळ तर थेट ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

घरी काय करायचं?

पहिला उपाय शेकाचा. हात साबणानं धुवा. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सोसवेल इतकंच ऊन हवं. डोळे मिटून ते पापण्यांवर ठेवा. कापड दोन मिनिटांत गार होतं, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवून पाच ते दहा मिनिटं शेका. प्रत्येकीचं कापड वेगळं असावं.

तेल सैल झालं की लगेच हलकं चोळायचं. बोटानं वरची पापणी वरून खाली, खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेनं. बुबुळावर दाब देऊ नका. मग उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापणीची कड पुसून घ्या. हे सकाळ-रात्र करावं. दोन दिवसांत गुण येत नाही, काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी दिवसातून एकदा चालू ठेवावं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरं, बारीक काम करताना मधूनमधून पापण्या सावकाश, पूर्ण मिटा. चुलीपाशी धूर बाहेर जायला वाट ठेवा. मळणीला आणि गाडीवर साधा चष्मा लावा.

कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात, त्यांनी आराम पडतो. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका, एकीची बाटली दुसरीनं वापरू नका आणि ती उघडल्यावर किती दिवस चालते ते बघून ठेवा.

इथे मात्र सांभाळा

‘लाल डोळ्यांचं औषध द्या’ म्हणून दुकानातून आणलेल्या थेंबांत कधी कधी स्टिरॉइड असतं. त्यानं लगेच बरं वाटतं, म्हणून बाई तीच बाटली महिनोन्‌महिने घालते. त्यात डोळ्यातला दाब गुपचूप वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं तर ते सांगतील तितकेच दिवस घालावं. मध, लिंबाचा किंवा कांद्याचा रस, अंगावरचं दूध, यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

डोळा ठणकत असेल, नजर अंधुक झाली असेल, उजेड सोसत नसेल, पू येत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर शेकत बसू नका. भाताचं किंवा उसाचं पान लागल्यावर असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. लहान मुलाचे डोळे कोरडे दिसले किंवा त्याला रात्री दिसेना, तर ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेलं असू शकतं. तिथे शेक चालत नाही, उपचारच हवेत.

शेकाला पैसे लागत नाहीत, दिवसातली वीस मिनिटं लागतात. घरातल्या सगळ्यांचं दुखणंखुपणं बघणाऱ्या बाईनं तेवढी स्वतःसाठी काढावीत. गटाच्या पुढच्या बैठकीत आपापल्या घरातली थेंबांची बाटली घेऊन या आणि आशाताईंना दाखवा. कोणती ठेवायची, कोणती टाकायची आणि कुणी डॉक्टरांकडे जायचं, ते एकत्र बसून ठरवा.