परदेशी शिक्षण आणि कमाईची मर्यादा

श्रम करून शिकावे, हा विचार मराठी कुटुंबांना नवा नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर कुदळही दिली. 'कमवा आणि शिका' हा मंत्र तेव्हापासून घरोघरी पोचला.

आज बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतील अनेक मुलामुलींचे डोळे अमेरिकेतील विद्यापीठांकडे लागलेले असतात. 'तेथे काम करून फी भागेल,' असा हिशेब पालक मांडतात. वाचकहो, हा हिशेब निघण्यापूर्वीच तपासून पाहावा.

अमेरिकन सरकारने १९६४ च्या कायद्यान्वये गरजू विद्यार्थ्यांसाठी श्रम-शिक्षण योजना सुरू केली. तीत प्रत्येकाच्या वार्षिक कमाईची कमाल रक्कम ठरलेली असते. ती काम केलेल्या तासांप्रमाणे वेतनरूपाने मिळते. परंतु विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना ही योजना लागू नाही. त्यांना विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते. दोन ठिकाणी काम केले, तरी तासांची बेरीज एकच धरतात. सुटीत अधिक तास चालतात. हा नियम मोडल्यास तेथे राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. सारांश, अशा वेतनातून जेवणखाण व पुस्तके यांना हातभार लागेल. फीचा भार त्यावर टाकू नये.

मग तूट आली तर? प्रथम विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयास लेखी विनंती करावी. मोघम अडचण सांगू नये. वडिलांची नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले, असा जो बदल घडला असेल तो तारखेसह लिहावा, कागदपत्रे जोडावीत आणि नेमकी किती रक्कम कमी पडते ते सांगावे. अनपेक्षित आपत्ती असेल, तर एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर आवाराबाहेर काम करण्याची परवानगी सरकारकडे मागता येते. मात्र परवानगी हाती येईपर्यंत कामास हात लावू नये.

स्वदेशीही आधार आहे. ज्यांच्या दूरदृष्टीतून बंगळुरात भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली, त्या जमशेटजी टाटांनी १८९२ मध्येच परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी स्थापिला. त्यातून आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते.

मुलांनाही एक सांगून ठेवावे : पैसे संपल्यावर लपवू नका, संपत येताच कळवा. वेळेवर केलेल्या विनंतीचा विचार होण्याची शक्यता अधिक असते.